लहान गळे

शिक्षकाची प्रतिष्ठा आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या उंचीवरून ठरते. पहिलीच्या बाईंपेक्षा दहावीचे मास्तर मोठे, मास्तरांपेक्षा कॉलेजातले प्राध्यापक मोठे! गाण्याच्या गुरुजींना तर या उतरंडीत जागाच नाही. परीक्षा जवळ आली की गाण्याच्या तासाला गणित चालते. गणिताच्या तासाला गाणे चालल्याचे मात्र मी उभ्या नोकरीत पाहिलेले नाही.

म्हणूनच हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांचे मला मोठे अप्रूप वाटते. १९०७ साली ते बुडापेस्टच्या संगीत अकादमीत प्राध्यापक झाले. मित्र बेला बार्तोक यांच्याप्रमाणे त्यांनीही खेडोपाडी हिंडून लोकगीते गोळा केली. कीर्ती मिळाली. तेवढ्यावर ते सुखाने राहिले असते; पण शाळेतली पोरे काय गातात, हे त्यांनी ऐकले आणि ते अस्वस्थ झाले. तेव्हापासून १९६७ साली डोळे मिटेपर्यंत लहान गळ्यांची काळजी त्यांनी सोडली नाही.

१९२९ साली त्यांनी लिहिले, त्याचा भावार्थ असा : राजधानीतल्या ऑपेराचा संचालक कोण, यापेक्षा किश्वार्दासारख्या लहानशा गावात गाणे शिकवणारा मास्तर कोण, हे महत्त्वाचे. नालायक संचालक टिकत नाही. पण वाईट मास्तर तीस वर्षे मुलांची गाण्याची आवड मारीत राहतो.

हे खोटे नाही. माझ्या थोरल्या बहिणीला शाळेच्या संमेलनात सांगण्यात आले, "तू नुसते ओठ हलव." ती पुढे कधी गायली नाही. आपल्या मुलांना अंगाईसुद्धा ती बोलून दाखवी.

कोदाय यांची रीत आपल्याला परकी वाटू नये. वाद्याआधी गळा, आणि गाणी आपल्या मातीतली. आपला 'सा' जसा ज्याच्या त्याच्या पट्टीत बसतो, तसाच त्यांचा 'डो' सरकता. सुरुवात दोन सुरांची, आपल्या 'प' आणि 'ग' यांच्यासारखी. मग हळूहळू पाच सूर, थेट आपल्या भूपाचे! १९५० साली केच्केमेत या त्यांच्या जन्मगावी रोज गाणे शिकवणारी प्राथमिक शाळा निघाली. २०१६ साली युनेस्कोनेही या पद्धतीने लोकसंगीत जपल्याची दखल घेतली.

यातले आपल्याला न परवडणारे काय आहे, सांगा पाहू? पेटीचा भाता फाटतो, तबल्याची शाई उडते; गळ्याला मात्र कुठलेही अनुदान लागत नाही. प्रत्येक मूल गवई व्हावे, असे कोण म्हणतो? पण गाणे आपलेही आहे, एवढे तरी त्याला वाटावे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत चकल्या तळता तळता घरातले एखादे पोर बेसूर ओरडू लागले, तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्या पट्टीत आपला आवाज मिळवा. सूर चुकला तर चुकू द्या. तो उद्या लागेल. मिटलेला गळा मात्र सहसा उघडत नाही.