अडीच तोळ्यांचा बाण

आपल्या महाकाव्यांतील धनुर्धर आजानुबाहू असतात आणि बाण आकर्ण ओढतात. शाळेत ही विशेषणे अलंकार म्हणून शिकवली जातात. प्रत्यक्ष धनुष्य हाती धरले की ध्यानात येते, त्यांत अलंकार फारसा नाही, निखळ यंत्रशास्त्र आहे. ज्याचे हात लांब, त्याची प्रत्यंचा अधिक मागे येते. जितकी ती मागे येते, तितका वेळ ती सुटल्यावर बाणाला ढकलत राहते. बाहू आखूड असतील तर मनगटात कितीही बळ असो, ढकलण्याचे अंतरच अपुरे पडते.

माझे बाहू आखूड आहेत. कोलोरॅडोतील ज्या गावात मी गेली बावीस वर्षे राहते, तेथील धनुष्यांच्या दुकानदाराने मला भिंतीशी उभे करून दोन्ही हात पसरायला लावले आणि या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत फीत लावली. बासष्ट इंच. या संख्येला अडीचने भागायचे, की माणसाची ‘ओढ’ निघते. माझी जेमतेम पंचवीस इंच आली. इंग्रजीत या मापाला जो शब्द आहे तो अगदीच कोरडा आहे. मराठीतला ‘ओढ’ हा शब्द मी मनाशी वापरू लागले, आणि त्याच्या दुसऱ्या अर्थाकडे दुर्लक्ष करणे मला कधीच जमले नाही.

धनुष्याच्या जाहिरातीत छापलेला वेग ज्या माणसासाठी मोजलेला असतो, त्याची ओढ तीस इंच असते, धनुष्याचा ताण सत्तर पौंड असतो आणि बाण ३५० ग्रेन वजनाचा, म्हणजे तसा हलकाच. मी पन्नास पौंड ताण धरू शकते. ओढ पाच इंचांनी तोकडी. प्रत्यंचेचा विसावलेला बिंदू वगळून हिशेब केला, तर त्या गृहस्थाच्या बाणाला साडेएकवीस इंचांची धाव मिळते, माझ्या बाणाला साडेसोळांची. जाहिरातीत सेकंदाला तीनशेहून अधिक फूट मिरवणारे धनुष्य माझ्या हाती दोनशेवीसवर येते.

निशाणेबाजीच्या मैदानावर याने काही बिघडत नाही. कागदी वर्तुळ कोणत्याही वेगाच्या बाणाने सारखेच भेदले जाते. पण मला एल्कच्या शिकारीचा परवाना घ्यायचा होता. एल्क हे आपल्या सांबराच्या आणि काश्मिरातील हंगुलाच्या कुळातले हरीण. नर तीनशे किलोंच्या पुढे जातो, मादीही सव्वादोनशेच्या आसपास भरते. दाट केसांचे जाड कातडे, रुंद बरगड्या आणि खांद्याचे चपटे, चिवट हाड. १९७२ च्या कायद्याने शिकार ज्या देशात निषिद्ध ठरली, त्या देशातून आलेल्या बाईला हे कसे सुचले, असे माझी आई दूरध्वनीवर विचारी. आमचे घर मांसाहारी. बोकडाचे मटण दर रविवारी शिजे, पण बोकड मरताना कोणी पाहत नसे. इकडे तर मांस पारदर्शक वेष्टनात येते आणि त्याला प्राण्याचा आकारही उरलेला नसतो. वर्षातून एकदा तरी तो व्यवहार आपल्या हाताने आणि डोळ्यांदेखत व्हावा, एवढेच माझे म्हणणे होते. आईला ते पटले नाही. तिने पुढे विचारले, “त्याला फार वेळ तर लागत नाही ना?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यातच माझी दोन वर्षे गेली.

बाण गोळीसारखा आघाताने मारीत नाही. त्याचे पाते फुप्फुसांतून आरपार गेले, तर रक्त वाहून जनावर काही सेकंदांत कोसळते. ते अर्धवट अडकले, तर जनावर डोंगर ओलांडून जाते आणि दिवसेंदिवस मरत राहते. म्हणून सारा विचार एकाच गोष्टीचा: शिरकाव. बाण बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या तक्त्यात एल्कसाठी किमान ४२ फूट-पौंड गतिज ऊर्जा सांगितलेली आहे. माझ्या ३५० ग्रेनच्या बाणाची ऊर्जा साडेसदतीस निघाली. कोलोरॅडोचा कायदा मात्र याबाबत उदार आहे. धनुष्याचा ताण पस्तीस पौंडांहून कमी नसावा आणि पाते किमान ७/८ इंच रुंद असून त्याला पोलादाच्या दोन तरी धारा असाव्यात, एवढ्यावर तो समाधान मानतो. कायद्याने मी पात्र होते, तक्त्याने अपात्र.

मग मी वजन वाढवून पाहिले. ४५० ग्रेनचा बाण त्याच धनुष्यातून सेकंदाला १९६ फूट गेला. वेग अकरा टक्क्यांनी घटला. ऊर्जा फार तर दोन टक्क्यांनी वाढून साडेअडतीसपाशी थबकली. पण वस्तुमान आणि वेग यांचा साधा गुणाकार, ज्याला आपल्या पाठ्यपुस्तकात संवेग म्हणतात, तो चौदा टक्क्यांनी वाढला. ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग असल्याने ते हलक्या, चपळ बाणाचे कौतुक करते. बाण मांसात शिरल्यावर मात्र त्याची गती टिकवून धरायला वजनच उपयोगी पडते. डॉ. एड अ‍ॅश्बी या अमेरिकन शिकाऱ्याने १९८० च्या दशकापासून आफ्रिकेत मोठ्या जनावरांवर या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्यांच्या यादीत पहिले स्थान ना वेगाला आहे ना वजनाला. पहिले स्थान बाण न मोडण्याला आहे, आणि दुसरे तो सरळ उडण्याला. माझ्यासारख्या आखूड हातांच्या माणसाला ही यादी दिलासा देणारी आहे. यातले काहीही बाहूंच्या लांबीवर अवलंबून नाही.

ग्रेन हे माप धान्याच्या दाण्यावरून आलेले. ब्रिटिश अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. म्हणजे माझा बाण अडीच तोळ्यांचा. हा हिशेब सुटला तेव्हा मला आजीच्या पाटल्या आठवल्या आणि प्रथमच ते वजन हातात जाणवले.

बाणाच्या काठीला कणा असतो, तिकडचा शब्दही तोच आहे. अठ्ठावीस इंचांवर दोन टेकू देऊन मध्ये १.९४ पौंडांचे वजन टांगतात आणि काठी किती वाकते ते पाहतात. अर्धा इंच वाकली तर तिचा कणा ५०० अंकाचा. प्रत्यंचा सुटताच प्रत्येक बाण क्षणभर वाकतो आणि मग सावरतो. काठी कापून आखूड केली की ती ताठर वागते, पुढे जड टोक लावले की नरम. मी ५०० अंकाची कार्बनची काठी घेऊन टोकाशी पितळी बसणीचे ५० आणि पात्याचे १५० असे दोनशे ग्रेन वजन दिले. मग ताणलेल्या कागदातून बाण सोडीत बसले. सरळ उडालेला बाण कागदात गोल भोक आणि त्याभोवती पिसांच्या तीन चिरा एवढेच ठेवून जातो. तिरका गेला तर कागद लांब फाटतो. एक उन्हाळा या कागदांत गेला.

पात्यांची दुकानातली मांडणी मोहात पाडणारी असते. आपटल्यावर पंख उघडून दोन इंचांची जखम करणारी घडीची पाती तर फारच आकर्षक. पण ते पंख उघडायला लागणारी ऊर्जा बाणाच्याच तुटपुंज्या साठ्यातून जाते, आणि रुंद जखमेला प्रतिकारही अधिक. सत्तर पौंडांच्या माणसाला ही उधळपट्टी परवडते. मी एकसंध पोलादाचे, दोन धारांचे, इंचभरच रुंद आणि टोकापासूनच कापीत जाणारे पाते निवडले. लांबी रुंदीच्या तिप्पट असावी असे जुने जाणकार सांगत. चढण जितकी लांब, तितके ओझे हलके, हेच ते तत्त्व. धार लावायला मला कोणी शिकवावे लागले नाही. विळीवर नारळ आणि भाजी चिरत मोठी झालेली बाई बोथट पाते अंगठ्याच्या नुसत्या स्पर्शाने ओळखते. धार अशी की हातावरची लव उतरावी. धारदार पात्याची जखम लवकर गोठत नाही, म्हणून वेदनेचा काळ आखडतो. आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सहाणेवर होते.

उरलेले अर्धे अंतरात. येथील मैदानी प्रदेशातले आदिवासी घोड्यावरून तीन-चार फुटी धनुष्याने गवे मारीत; त्यांची ओढही तोकडीच, पण ते जनावराला जवळजवळ भिडत. १९११ साली कॅलिफोर्नियात प्रकट झालेला इशी, याही जमातीचा अखेरचा माणूस, काळ्या ज्वालाकाचेची आणि बाटल्यांच्या काचेचीही बाणाग्रे घडवीत असे, ज्या डॉ. सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून ही विद्या घेतली, त्यांच्यापासून अमेरिकेतील आधुनिक धनुर्मृगयेचा आरंभ मानतात. बळाची उणीव सान्निध्याने भरून काढणे, ही रीत जुनी आहे. माझा बाण तीस यार्डांवर पोचायला जवळजवळ अर्धा सेकंद घेतो आणि तेवढ्यात साडेतीन फूट खाली येतो. तेवढ्या अवकाशात जनावर एक पाऊल सहज टाकते. मी मर्यादा बावीस यार्डांची ठरवली.

सप्टेंबरात एल्कचे नर साद घालतात. आधी खर्ज, मग चढत जाणारी बासरीसारखी शीळ. अ‍ॅस्पेनची पाने पिंपळपानांसारखी सळसळत असतात आणि त्यांच्या आड आवाज अगदी हाताशी आल्यासारखा वाटतो. तेव्हा मला दर वेळी दशरथ आठवतो. शब्दवेध ही विद्या म्हणून आपण शिकलो. तिचे फळ श्रावणाच्या छातीत रुतलेले आहे. आवाजाच्या दिशेला मी धनुष्य उचलतसुद्धा नाही.

पहिल्या वर्षी एक मादी एकतीस यार्डांवर बराच वेळ आडवी उभी राहिली. मी प्रत्यंचेला हात लावला नाही; ती गेली. दुसऱ्या वर्षी, हंगामाच्या अकराव्या दिवशी, एक मादी पाणथळीवर सतरा यार्डांवर आली, मान वळवून मागे पाहू लागली, आणि तिच्या पुढच्या पायामागची जागा मोकळी झाली. बाण गेल्याचे मला दिसले नाही. पलीकडच्या गवतात तो पडल्याचा आवाज तेवढा आला. ती दचकली, चालू लागली, साठेक पावलांवर थांबली, आणि तिचे मागचे पाय खचले. मी घड्याळ पाहिले होते. अकरा सेकंद.

आईला मी तो आकडा सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग मांस शिजवताना वाटणात काय घातलेस ते विचारू लागली.

बाण मला चिखलात सापडला. काठी शाबूत होती. पात्याच्या एका धारेला बरगडीचा बारीकसा खाचा पडला होता. तो सहाणेवर निघाला. पाते आता १४८ ग्रेनचे आहे.