वेताळाचा दिवा

माझे मामा परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात नोकरीला होते. सुटीला आमच्याकडे येताना ते 'इंद्रजाल कॉमिक्स'चे जुने अंक घेऊन येत. केज तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात पाठ्यपुस्तके आणि पोथ्या यांपलीकडे वाचायला फारसे काही नव्हते; त्यामुळे ते रंगीत अंक म्हणजे ऐश्वर्यच. १९६४ मध्ये टाइम्स समूहाने सुरू केलेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. म्हणजे मी तिचा अगदी शेवटच्या पंगतीतला वाचक. त्यातला माझा नायक अर्थातच वेताळ.

ली फॉक यांनी १९३६ मध्ये वृत्तपत्रीय चित्रमालिकेतून आणलेल्या 'फँटम'चे मराठीत 'वेताळ' झाले. मराठी शिकवण्यात वीसेक वर्षे घालवल्यावर आज मला या नामकरणाचे विशेष कौतुक वाटते. 'भूत' किंवा 'पिशाच्च' म्हणूनही भागले असते. परंतु वेताळ हा भुतांचा राजा असूनही गावाचा राखणदार असतो. शिवेवरचा शेंदूर फासलेला दगड एकाच वेळी भीतीचा आणि आधाराचा असतो. फॉकचा नायकही नेमका तसाच आहे.

आणि मुख्य म्हणजे तो भूत नाहीच. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका तरुणाने, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशी लढण्याची शपथ घेतली. तो मेल्यावर तोच पोशाख त्याच्या मुलाने चढवला, मग नातवाने. आपण ज्याच्या कथा वाचतो तो एकविसावा. जंगल त्याला अमर समजते; खरे काय ते त्याच्या अगदी जवळच्यांना ठाऊक असते, आणि वाचकाला. दहा वर्षांच्या मुलाला या गुपितात वाटेकरी करून घेणे, हेच त्या चित्रकथेचे खरे इंद्रजाल होते.

'द फँटम' हा चित्रपट १९९६ च्या जूनमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. अंबाजोगाईत मला तो काही वर्षांनी, भाड्याने आणलेल्या सीडीवर पाहायला मिळाला. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत पावणेदोन कोटींच्या आसपासच कमाई केली, हे नंतर समजले. माझी निराशा मात्र वेगळी होती. सायमन विन्सर यांचे दिग्दर्शन नेटके आहे, १९३८ चा काळ डौलदार उभा केला आहे, जांभळ्या पोशाखातला बिली झेन शोभूनही दिसतो. पण कथा फिरते ती तीन जादूच्या कवट्यांभोवती. त्या एकत्र आल्या की अफाट शक्ती मिळणार, म्हणून खलनायक त्यांच्या मागे. शेवटी चौथी कवटी निघते, ती वेताळाच्या बोटातल्या अंगठीवरची. आणि तिच्या बळावर तो जिंकतो. शिवाय मेलेला बाप अधूनमधून प्रकट होऊन मुलाशी बोलतो.

चित्रकथेतली अंगठी ही पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या शपथेची खूण होती. तिच्यात जादू नव्हती, म्हणून तर ती घालणाऱ्याला मोल होते. चित्रपटाने भूत खरे केले आणि माणूस किरकोळ करून टाकला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. गोरा माणूस चारशे वर्षे जंगलातल्या लोकांना भ्रमात ठेवतो, ही कल्पना वसाहतवादीच आहे. वर्गात मीही ती तशीच मांडतो. पण म्हणूनच चित्रपटाला तो प्रश्न टाळता येत नव्हता. एखाद्या समूहाच्या श्रद्धेसाठी माणसाने आयुष्यभर मुखवटा घालणे, ही फसवणूक की सेवा? जादू खरी ठरली की फसवणुकीचा प्रश्न मिटतो, आणि त्यागाचाही.

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही. आमच्या शिवेवर वेताळाचा दगड आहे. दर अमावास्येच्या रात्री तिथे दिवा लागे, आणि तो वेताळ स्वतः लावतो अशी गावाची समजूत होती. रात्री-अपरात्री पाण्याच्या पाळीला जाणारी माणसे त्या उजेडाच्या भरवशावर ओढा ओलांडत. एका अमावास्येला मी आबांना, म्हणजे आजोबांना, तेलाची बाटली घेऊन अनवाणी परतताना पाहिले. मी विचारण्याआधीच ते म्हणाले, "दिवा कुणी लावला ते इचारायचं नसतं. लागला का नाही, तेवढं बघायचं." ते गेल्यावर दिवा लागत राहिला. आमचे अण्णा अमावास्येला उशिरा जेवत, याचा अर्थ मला तेव्हा कळला. घरात त्याविषयी कधी बोलणे झाले नाही.

चार वर्षांपूर्वी अण्णा गेले. अंधश्रद्धेवर व्याख्याने देणारा मी, त्यानंतरच्या पहिल्या अमावास्येला अंबाजोगाईहून गावी निघालो. पिशवीत तेलाची बाटली होती, आणि तिची थोडी लाजही वाटत होती. ओढ्याजवळ पोहोचलो तर दगडापुढे दिवा लागलेला होता. जवळपास कोणी नव्हते.

क्षणभर अंगावर काटा आला, हे नाकारणार नाही. मग पणतीशेजारी ओल्या मातीत पावलांचे ठसे दिसले. अनवाणी, आणि माझ्या पावलांपेक्षा लहान. कोणाचे, याची चौकशी मी केली नाही. बाटली तिथेच ठेवून परतलो.

तो चित्रपट पाहून इतके वाईट का वाटले होते, याचा उलगडा मला परतीच्या वाटेवर झाला. त्याने मला जादूचा दिवा दाखवला होता. मी शोधत होतो ते पावलांचे ठसे.