ओट्यावरची हिरवी वायर

गिरगाव-दादरच्या चाळींत नाहीतर पुण्याच्या पेठांतल्या जुन्या घरांत हल्ली मला बोलावतात ते बहुतेक इंडक्शनसाठी. "काका, मिक्सरच्या पॉइंटवर हे चालेल ना?" चालतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. फेज आणि न्यूट्रल मिळाले की पाणी उकळतं, भात होतो. आर्थिंग नसल्याचं कुठेच जाणवत नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षं नसतंच.

आधी भाराचं. 2000 वॅटचं इंडक्शन 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतं. मिक्सरचा पॉइंट 6 अँपिअरचा, आणि मिक्सर फिरून फिरून फिरतो किती वेळ? स्वयंपाक तासभर चालतो. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. त्यात स्क्रू सैल असला तर सॉकेट आधी पिवळं पडतं, मग काळं. सोळाची पिन सहाच्या सॉकेटात बसवून देणारा कन्व्हर्टर बाजारात सर्रास मिळतो. तो घरात आणूच नका. मेन बोर्डापासून थेट आणलेली तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर (अंतर लांब असेल तर चारची), 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि त्याची वेगळी एमसीबी, याच्याखाली मी तडजोड करत नाही.

आता हिरवी, म्हणजे आर्थची वायर. जुना बोर्ड उघडला की सॉकेटाच्या वरच्या जाड भोकामागे अनेकदा काहीच नसतं. कधी त्याहून वाईट असतं: कुणीतरी न्यूट्रलवरून छोटा तुकडा मारून आर्थच्या टर्मिनलला जोडलेला असतो. मागे न्यूट्रल कुठे तुटला, की त्याच तुकड्यातून शेगडीच्या पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट येतात. फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही. कॉइलच्या शेगडीला हा धोका सर्वांत जास्त, कारण तिचं सगळं अंगच पत्र्याचं. इंडक्शनचं अंग प्लास्टिकचं असलं, तरी काचेला तडा गेला आणि उतू गेलेलं दूध आत झिरपलं, की वर ठेवलेल्या स्टीलच्या पातेल्याचा भरवसा धरता येत नाही. आणि समोरचं माणूस ओल्या लादीवर अनवाणी उभं असतं.

"एमसीबी आहे ना, ती पडेल," असं लोक म्हणतात. हिशोब करून पाहा. जमिनीतल्या आर्थिंगचा रोध 10 ओहम धरला, तर गळतीचा प्रवाह फार तर 23 अँपिअर होतो. घरगुती 16 अँपिअरची एमसीबी झटक्यात पडायला त्याच्या पाचपट तरी प्रवाह लागतो; 23 अँपिअरवर ती तासभरही तग धरू शकते. अशा गळतीसाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. जाणारा आणि परतणारा प्रवाह ती सतत ताडून पाहते आणि फरक दिसताच तोडते. आर्थिंग असेल तर बिघाड होताक्षणी, कुणी हात लावण्याआधी ती पडते. नसेल तर आधी माणसाला झटका बसतो, मग ती पडते. न्यूट्रलचा तो तुकडा मारलेल्या ठिकाणी गळती न्यूट्रलमधूनच परत जाते, म्हणून आरसीसीबीला ती दिसतच नाही.

तपासायचं कसं? टेस्टर फक्त फेज दाखवतो. फेज आणि आर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावला तर उजेड पडतो, पण तुकडा मारलेला असला तरीही तसाच लख्ख पडतो. म्हणून मी आधी मेन बंद करून बोर्ड खोलतो आणि हिरवी वायर येते कुठून, ते थेट आर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत डोळ्यांनी पाहतो. आवारात फरशी घालताना आर्थची पट्टी कापली गेलेली मी पाहिली आहे. वरच्या एकाही बिऱ्हाडाला त्याचा पत्ता नव्हता.

खोलीत राहणाऱ्या एकट्या कुटुंबाला हे सगळं झेपत नाही. खड्डा आणि जिन्यातून वर येणारी मुख्य आर्थ वायर साऱ्या इमारतीची असते. सोसायटीने रंगकामाचा ठराव घेताना त्यातच हे काम घालावं. परांची बांधलेली असते आणि भिंतीवरून नवा पाइप तेव्हाच नीट नेता येतो.