वाचनालयाच्या चौदा पायऱ्या

शाळेच्या नोकरीतून मी निवृत्त झालो त्या दिवशी सहकाऱ्यांनी मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे एक घड्याळ दिले. ज्या मनुष्याला आता कोठेही वेळेवर पोहोचावयाचे नाही, त्याला घड्याळ देण्यात काय स्वारस्य असते, हे मला आजतागायत उमगलेले नाही. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यापासून मी घरच्या मंडळींना जड होऊ लागलो. सकाळचे वर्तमानपत्र प्रथम माझ्याच हाती आले पाहिजे, हा माझा आग्रह. नातवाच्या वहीतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका त्याच्या आईदेखत काढावयाच्या, ही माझी खोड. आणि आमटीत मीठ किती पडले आहे हे कोणी न विचारता सांगावयाचे, हा माझा नवा व्यासंग! सूनबाई समंजस, म्हणून काही बोलली नाही. परंतु एके दिवशी नातूच म्हणाला, "आजोबा, तुम्हांला आता शाळा नसते का हो?" त्या पोराच्या मनात यत्किंचितही वाकडेपणा नव्हता; म्हणूनच तो प्रश्न मला लागला.

आमच्या शास्त्रकारांनी या अवस्थेचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. केस पिकले, अंगावर सुरकुत्या आल्या आणि नातवाचे मुख पाहिले, म्हणजे गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनूचे सांगणे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वनांची उणीव नाही. सागाची दाट राने अजून आहेत. तथापि पांढरकवड्याकडील टिपेश्वरच्या अभयारण्यात वाघांचा संचार असल्यामुळे वानप्रस्थास तेथे कितपत स्वास्थ्य मिळेल, याची मला शंकाच होती! शेवटी मी जवळची वाट धरली. आमच्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या रस्त्यावर, खाली दुकाने व वर दोन दालने, असे एक जुने वाचनालय आहे. त्याचा जिना चढून मी वर गेलो. पायऱ्या चौदा. त्या मोजण्याचे त्या वेळी मला काहीच कारण नव्हते.

वर एक लांब मेज, त्यावर वर्तमानपत्रे, आणि भोवती माझ्यासारखेच सातआठ पिकले केस. कोणी तलाठी, कोणी पोस्टमास्तर, कोणी कापसाचे अडते. नऊ वाजता दार उघडावयाचे आणि अकरापर्यंत ही सभा चालावयाची. प्रथम मला वाटले, ही मंडळी वाचावयास येतात. पुढे ध्यानात आले की वाचन हे अर्धेच निमित्त. उरलेले अर्धे कारण असे की आपण आलो नाही, तर कोणाच्या तरी ते लक्षात यावे. पोस्टमास्तर दोन दिवस दिसले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी एकजण त्यांच्या घरी जाऊन येई. घरात माणसांचा गोतावळा असूनही हे सुख सर्वांस लाभतेच असे नाही. एकत्र कुटुंबातही म्हातारा माणूस पुष्कळदा दिसेनासा होतो. तो असतो, पण दिसत नाही.

१९६७ सालच्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने महाराष्ट्रातील अशा वाचनालयांस शासनमान्यता व अनुदान मिळू लागले. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग ठरले. ग्रंथ किती, वाचक किती, वर्तमानपत्रे किती, हे त्यात मोजले जाते. परंतु त्या मेजाभोवती बसून किती माणसे माणसांत राहिली, याचा रकाना कोणत्याच नोंदवहीत नसतो. तो कसा असणार?

हे सारे मला शिकविले ते माझ्या थोरल्या बंधूंनी, आणि तेही फार महाग किमतीने. अण्णा माझ्याहून चौदा वर्षांनी वडील. कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. वाचनाचे व्यसन माझ्याहून दांडगे. मी वाचनालयात जाऊ लागण्यापूर्वी वीस वर्षे ते तेथे जात होते. पुढे त्यांचे गुडघे धरले. काही दिवस ते कठड्यास धरून, मध्ये दोनदा थांबून वर येत. एकदा तोल जाता जाता वाचले आणि त्यानंतर येणेच सोडले. एका डोळ्याचा पडदा पूर्वीच निकामी झालेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. पुस्तक सुटले, मेज सुटले, मंडळी सुटली. दिवसा झोपावयाचे आणि रात्री जागावयाचे, एकच गोष्ट चारदा विचारावयाची, जेवणावर राग काढावयाचा, असे सुरू झाले. वहिनी म्हणत, "भाऊजी, यांचे काहीतरी बिघडले आहे हो." आम्ही सारे म्हणत होतो, "वय झाले, दुसरे काय?"

एके दिवशी त्यांनी मला विचारले, "अरे, वाचनालयात नवीन काय आले आहे?" मी घाईत होतो. मी म्हटले, "अण्णा, आता ते कळून तुम्हांला काय करावयाचे आहे?" ते काही बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून निजले. चौतीस वर्षे मुलांस शिकविले, पण इतके निर्दय वाक्य वर्गातील एखाद्या मठ्ठ पोरासही मी कधी बोललो नव्हतो. ते मी ज्यांनी मला अक्षर गिरवावयास शिकविले त्यांस बोललो.

त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूची व्यवस्था केली. शस्त्रक्रियेने उजेड आला, माणसे दिसू लागली. बारीक अक्षर मात्र लागेना. मग मी पिशवीतून पुस्तके आणून त्यांना वाचून दाखवू लागलो. त्यांना ते रुचेना. "मला काय पुराण सांगतोस?" म्हणून ते उठून जात. दान घेण्याची सवय नसलेल्या माणसाला वाचनाचे दानही जड जाते, हे मला उशिरा समजले.

वाट काढली ती आमच्या ग्रंथपाल बाईंनी. पायऱ्यांचे मी सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, पायऱ्या हलविता येणार नाहीत. वाचनालय खाली आणता येईल." जिन्याखालच्या पडवीत गुरुवारी सायंकाळी त्यांनी सतरंजी, चार खुर्च्या आणि पुस्तकांची एक पेटी मांडली. शेजारच्या शाळेतील दहाबारा मुले बोलाविली. मुलांनी मोठ्याने वाचावयाचे आणि वृद्धांनी ऐकून चुका सांगावयाच्या, असा बेत. अण्णांना रिक्षाने आणले ते नाखुशीनेच. पहिल्याच दिवशी एका मुलीने 'पश्चात्ताप' हा शब्द एक त गाळून वाचला. अण्णा डोळे मिटून बसले होते, ते ताडकन ताठ झाले. "दोन त! थांब, पुन्हा म्हण!" ती मुलगी हसली, अण्णाही हसले. सहा महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहत होतो.

त्यानंतर गुरुवार हा त्यांच्या पंचांगातील मुख्य वार झाला. बुधवारी रात्री धोतर धुवून ठेवावयाचे. दुपारी चारपासून 'रिक्षा आली का?' म्हणून विचारावयाचे. डोळे गेले म्हणून ते निरुपयोगी ठरले नव्हते. त्यांच्या कानांना काम मिळाले होते. लोकनायक बापूजी अणे यांची कथा ते मुलांस पुनःपुन्हा सांगत: वणीस १८८० साली जन्मलेले, यवतमाळास वकिली केलेले, लोकमान्यांचे अनुयायी. उतारवयात बापूजींनी टिळकचरित्रावर 'श्रीतिलकयशोऽर्णवः' हे संस्कृत महाकाव्य रचले, आणि त्यास १९७३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. "म्हातारपणी काही होत नाही म्हणतो कोण?" असे अण्णा शेवटी म्हणत आणि मजकडे पाहत. मी मान खाली घालीत असे.

याविषयी विद्वानांनी केलेल्या पाहण्या मी पुढे वाचल्या. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ वृद्धांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. वाचन, पटावरील खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. २०१६ साली ३,६३५ अमेरिकनांची दुसरी एक पाहणी आली. पुस्तके न वाचणाऱ्यांतील वीस टक्के माणसे जितक्या काळात निवर्तली, त्याहून वाचणाऱ्यांतील तितकीच माणसे निवर्तावयास सुमारे २३ महिने अधिक लागले. ज्याची प्रकृती बरी तोच अधिक वाचतो, असेही यात असू शकेल. म्हणून पुस्तकास रामबाण औषध म्हणण्याचे धाडस मी करीत नाही. परंतु 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी कारणे सांगितली, त्यांत बहिरेपणा, उपचारावाचून राहिलेले दृष्टिदोष आणि एकटेपणा ही तिन्ही आहेत. अण्णांच्या बाबतीत यांतील दोन आमच्या डोळ्यांदेखत घडत होती आणि आम्ही त्यांस 'वय' हे नाव देऊन स्वस्थ बसलो होतो.

वाचनालयाने वाचकाकडे जावे, ही कल्पनाही नवी नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल आणवून राज्यभर वाचनालयांचे जाळे विणले आणि खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेत शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीत नेऊन ठेवल्या. इंग्लंडातील सार्वजनिक वाचनालयांत २०१५ पासून स्मृतिभ्रंशाचे रुग्ण व त्यांची शुश्रूषा करणारे आप्त यांच्यासाठी निवडक पुस्तकांची यादी ठेवलेली आहे. दृष्टिहीनांस ग्रंथ सुलभ रूपात मिळावेत म्हणून मराकेश येथे २०१३ साली झालेला करार २०१४ साली सर्वांआधी मान्य करणारे राष्ट्र आपलेच. आमच्या पडवीतील सतरंजी या सर्वांपुढे किती लहान! परंतु ती अंथरावयास कोणाची मंजुरी लागली नाही, आणि खर्च म्हणाल तर चहाचा.

गेल्या पौषात अण्णा गेले. पुस्तकांनी मृत्यू टळत नाही. परंतु अखेरची अडीच वर्षे ते भिंतीकडे तोंड करून जगले नाहीत. तेराव्या दिवशी पडवीतील मुले घरी आली. ज्या मुलीचा 'त' त्यांनी दुरुस्त केला होता, ती वहिनींजवळ बसून म्हणाली, "आजोबा आता चुका कोणाच्या काढणार?" वहिनींनी तिला पोटाशी धरले.

वाचकहो, आपल्या घरी कोणी वडीलधारे माणूस वाचनालयात जाईनासे झाले असेल, तर 'वय झाले' म्हणण्यापूर्वी त्याचे डोळे पाहा, कान पाहा आणि वाटेतील पायऱ्याही पाहा. शक्य असेल तर त्याला पुस्तक आणून द्या. आणि त्याहून शक्य असेल तर त्याच्याकडून काही काम घ्या. वाचनालयाच्या चालकांसही माझे एवढेच मागणे आहे: एक खुर्ची खाली ठेवा.

हे मी आता स्वार्थाने लिहीत आहे. गेल्या आठवड्यात जिना चढताना नवव्या पायरीवर मला थांबावे लागले. कठड्यास धरून उभा राहिलो आणि उरलेल्या मोजल्या. पाच होत्या.