उंदीर निर्दोष होता

गेल्या हिवाळ्यातली शुक्रवारची गोष्ट. ठाण्याला आमची थोरली बहीण राहते, वय वर्षे 88. दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता संगणकावर आमची भेट ठरलेली. ताईंना ऐकू कमी येतं. ओठ दिसले की सगळं समजतं. आमचा फोन जुना, बटणांचा. तो तिथं कुचकामी.

रात्रीतून संगणकाने आपणहून अपडेट घेतलं होतं. सकाळी बघतो तो माउस ढिम्म! पोटाखालचा लाल दिवा लागलेला, पण पडद्यावरचा बाण जागचा हलेना.

"अख्बार बिघडला!" आम्ही ओरडलो. हिब्रूत उंदराला अख्बार म्हणतात आणि या माउसलाही. स्वयंपाकघरातून आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, अखबार कसा बिघडेल? वाचून झाला की रद्दीत टाका." इथं येऊन पन्नास वर्षं झाली, कान अजून मुंबईचेच!

नातवाला फोन लावला. "सबा, टाकून द्या, नवा घ्या." तरुणांचा न्याय झटपट असतो. पण आम्ही परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होतो. तपासल्याशिवाय पार्ट फेकायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आमच्या उस्तादांनी कान पिळून शिकवलेलं.

आधी माउस काढून दुसऱ्या भोकात लावला. फरक नाही. मग शेजारच्यांच्या संगणकाला लावला, तर तिथं बाण तुरुतुरु धावू लागला! म्हणजे उंदीर निर्दोष. दोष आमच्याच घरात.

वाचकहो, हा माउस आपणहून बोलत नाही बरं का. संगणक त्याला सेकंदाला साधारण 125 वेळा विचारतो, "किती सरकलास? बटण दाबलं का?" तेव्हा तो उत्तर देतो. हा संवाद सांभाळणाऱ्या छोट्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. अपडेटमध्ये त्याचीच घडी विस्कटली होती.

कीबोर्ड शाबूत होता. खिडकीचं चित्र असलेली कळ आणि एक्स एकदम दाबले, मग एम. डिव्हाइस मॅनेजर उघडला. टॅब आणि बाणांच्या कळांनी माउसच्या नावापर्यंत पोचलो. त्यावर पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह. डिलीट दाबून ती नोंद पुसली, एंटरने होकार दिला आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला. त्याने माउस नव्याने ओळखला, ड्रायव्हर पुन्हा बसवला. बाण हलला!

घड्याळात पाऊण वाजला होता. ताई पडद्यासमोरच बसून होत्या. जेवल्याही नव्हत्या.

"माउस बिघडला होता," आम्ही सावकाश ओठ हलवून सांगितलं.

"मला वाटलं, तुझंच काही बिघडलं," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

आता त्या कळांची चिठ्ठी आम्ही संगणकाच्या कडेला चिकटवून ठेवली आहे. मोठ्या अक्षरांत, मराठीत. आणि ताईंच्या शेजारणीचा नंबर फोनशेजारी.