चार मुलखांचा चहा आणि आपली जीभ



चहा हे आपल्या शिवारात न पिकणारे, पण आपल्या प्रत्येक घरात दिवसातून दोनदा तरी शिजणारे पीक आहे. धार काढायला जाण्याआधी चहा, पाहुणा आला की चहा, सोयरीक जमली तरी चहा आणि बांधाचा तंटा मिटला तरी चहा. मी कृषी विस्तार अधिकारी. तीस वर्षे गावोगाव हिंडतो आहे. दिवसाकाठी पाच-सहा घरचा चहा पोटात जातो. नको म्हटले तर घरची माउली लगेच विचारते, "का हो साहेब, आमचा चहा चालत नाही व्हय?" मग कप उचलावाच लागतो.

पण इतक्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. दूध, साखर, आले आणि गवती चहा यांच्या गर्दीत खुद्द चहाच्या पानाची चव काय, हे कोणी विचारत नाही. भुकटी संपली की दुकानातून पुडा आणायचा, एवढाच आपला त्या पिकाशी संबंध. ते पीकही कोणीतरी आपल्यासारखाच शेतकरी घेतो, आणि त्याच्या मालाचा भाव नुसत्या वजनावर ठरत नाही, जिभेवर ठरतो. त्याचीच हकीकत आज सांगणार आहे.

त्याचे असे झाले. २०२२ च्या नोव्हेंबरात काही शेतकऱ्यांबरोबर मी आसामात जोरहाट भागात गेलो होतो. तिथून आसामचा चहा घेतला आणि परतताना कोलकात्यात दार्जिलिंगचा. थोरल्या मुलीच्या घरची मंडळी उटी-कुन्नूरला जाऊन आली होती, त्यांनी नीलगिरीचा पुडा दिला. आमच्या गावचा एक जवान हिमाचलात कांगडा भागात नेमणुकीला आहे, तो सुट्टीवर येताना तिकडचा चहा घेऊन आला. असे चार मुलखांचे चार पुडे घरात जमले. चारही काळ्या चहाचे, आणि चारही आपल्या नेहमीच्या दाणेदार भुकटीचे नव्हेत, तर वळलेल्या पानाचे. त्यामुळे तुलना करायला सोयीचे झाले. गुळाची तुलना गुळाशी करावी, काकवीशी नव्हे.

चहा चाखणाऱ्या तज्ज्ञांची एक ठरलेली रीत आहे. १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, वर झाकण, आणि घड्याळ लावून ६ मिनिटे. पातेल्यात उकळायचा नाही, वरून पाणी ओतायचे. दूध नाही, साखर नाही. मग गाळून चमच्याने तोंडात घ्यायचा, आणि तोही मोठ्याने भुरका मारून! आपले वडीलधारे बशीतून भुरका मारत, त्याला शहरातली माणसे हसत. पण भुरक्याबरोबर हवा आत जाते, चहा साऱ्या जिभेवर पसरतो आणि त्याचा वास आतून नाकात चढतो. लिलावासाठी हजारो किलो मालाची पारख करणारा माणूस असाच भुरका मारतो आणि थुंकून पुढच्या कपाकडे वळतो.

आमच्या ओसरीवर ही परीक्षा बसली. सौभाग्यवतींनी कपाखाली आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कुठल्या कपात कुठला चहा, हे त्यांनाच ठाऊक. परीक्षक म्हणजे माझी ऐंशी वर्षांची आई, शेजारचे द्राक्षबागायतदार तात्या, त्यांच्या घरच्या काकू आणि मी.

पहिल्या कपाचा रंग गडद तांबडा. चव भरीव, तोंडाला तुरट पकड घेणारी. काकू म्हणाल्या, "याला नाचणीच्या सत्त्वाचा वास येतोय." मोड आणून भाजलेल्या धान्याचा तो वास. तज्ज्ञ लोकही आसामच्या चहाचे असेच वर्णन करतात, आणि चिठ्ठी निघाली ती आसामचीच. काकूंनी आसाम नकाशातही पाहिलेला नाही. पण नाचणी मोड आणून, भाजून, दळून त्यांनी चार नातवंडे वाढवली आहेत.

दुसऱ्या कपाचा रंग फिकट सोनेरी. तात्यांनी भुरका मारला, थांबले, पुन्हा मारला. म्हणाले, "बेदाण्याच्या शेडमध्ये शिरल्यासारखं वाटतंय." तो दार्जिलिंग होता, मे-जूनच्या तोडणीचा. त्या बहराच्या चहात पिकलेल्या द्राक्षाचा गंध असतो, म्हणूनच तो जगात नावाजला गेला.

तिसरा कप नीलगिरीचा. रंग स्वच्छ तांबूस, चव तरतरीत, वास फुलासारखा. चौथा कांगड्याचा. तो सौम्य, फिकट, घशाखाली हळूच उतरणारा. आई म्हणाली, "हा आजाऱ्याला द्यावा असा आहे."

कप तसेच ठेवून आम्ही गप्पा मारत बसलो. अर्ध्या तासाने पाहिले, तर आसामचा चहा गार होऊन गढूळ झालेला आणि नीलगिरीचा तसाच नितळ. गढूळपणा हा दोष नव्हे. चहातली तुरट द्रव्ये आणि कॅफीन गार झाल्यावर एकत्र येतात, म्हणून साय धरल्यासारखे दिसते. कडक चहाची ती खूण आहे.

आता एकाच झाडाच्या पानाला चार चवी कशा? चहाचे झाड एकच, पण त्याचे दोन मुख्य प्रकार. एक लहान पानाचा चिनी, दुसरा मोठ्या पानाचा आसामी. आसामी झाड तिथल्या रानातलेच. तिथले सिंगफो लोक ते वापरत होते, आणि १८२३ साली रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला त्याचा पत्ता लागला. ब्रह्मपुत्रेचे खोरे सखल, उष्ण, दमट आणि भरपूर पावसाचे. तिथे पान झपाट्याने वाढते आणि कडक रस धरते. दार्जिलिंगमध्ये १८४१ साली डॉ. कॅम्पबेल यांनी रोपे लावून पाहिली. तिथे चिनी जातीचे झाड थंडीत, धुक्यात, डोंगरउतारावर सावकाश वाढते. उत्पन्न कमी, पण सुवास अधिक. कांगड्यालाही १८५० च्या सुमारास चिनी जातच लागली. १९०५ च्या भूकंपाने तिथल्या बागांचे कंबरडे मोडले, आणि ते क्षेत्र आजही लहानच आहे. नीलगिरीला दोन्ही मोसमी पावसांचा लाभ, म्हणून तिथे वर्षभर तोडणी चालते. थंडीच्या दिवसांतल्या तिथल्या चहाला विशेष वास असतो.

आणि एक गंमत ऐका. दार्जिलिंगच्या त्या द्राक्षगंधामागे आपल्या ओळखीची कीड आहे, तुडतुडे! तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानाचा रस शोषतात, तेव्हा झाड आपल्या बचावासाठी सुवासिक द्रव्ये तयार करते. तीच पुढे कपात उतरतात. तात्या लगेच म्हणाले, "मग माझ्या बागेतले तुडतुडे ठेवू का?" म्हटले, "तात्या, तुमची पाने कोणी उकळून पीत नाही. औषध वेळेवर मारा."

काळ्या चहात हाताळणीलाही मातीइतकेच महत्त्व आहे. दोन पाने आणि एक कळी खुडायची, ती सुकवून मऊ करायची, मग वळायची. वळताना पेशी फुटतात, रसाला हवा लागते आणि हिरवे पान तांबूस होते. चिरलेले वांगे काळे पडते, तसाच हा प्रकार. चहावाले याला आंबवणे म्हणतात, पण इडलीच्या पिठासारखे यात जिवाणूंचे काम नाही. नेमक्या वेळी पान वाळवले की चव जागेवर थांबते. आपल्या घरची दाणेदार भुकटी ही चिरडून, फाडून, वळवून करतात. ही यंत्राची रीत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. तिचा चहा झटकन उतरतो आणि दुधाला पुरून उरतो.

म्हणून आम्ही दुसरी फेरी दुधाची केली. आसाम दुधातही ताठ उभा राहिला. दार्जिलिंग आणि कांगडा दुधात पार हरवले. तात्यांनी किंमत विचारली. दार्जिलिंगचा पुडा आमच्या भुकटीच्या कितीतरी पट महाग होता. आई म्हणाली, "एवढा महाग चहा दुधात बुडवायचा म्हणजे पैठणी नेसून शेण काढायला जाण्यातली गत." महाग तो आपल्याला चांगला, असे नाही. ज्या कामाला जो माल लागतो, तो ओळखता आला पाहिजे.

आता मूळ मुद्दा. जोरहाटजवळ एका छोट्या चहा उत्पादकाच्या घरी आम्ही गेलो होतो. दहा बिघे चहा. तिकडचा बिघा सुमारे १३ गुंठ्यांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वातीन एकर. आज देशातला सुमारे निम्मा चहा अशा लहान शेतकऱ्यांच्या हिरव्या पानातून तयार होतो. त्यांच्यापाशी कारखाना नसतो. पान खुडले की त्याच दिवशी कारखान्यात पोचले पाहिजे. पोत्यात दाबून राहिले तर ते तापते, लाल पडते. सुमारे साडेचार किलो पानांचा एक किलो चहा होतो, आणि पानाचा भाव ठरवणार दुसराच. तोडलेला ऊस फडात वाळत असताना आपली जी घालमेल होते, ती या माणसाची तोडणीच्या प्रत्येक दिवशी होते.

मी त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, "तुमच्या बागेच्या चहाची चव कशी आहे?" तो हसला. म्हणाला, "साहेब, मला कशी ठाऊक असणार? माझे पान दहा जणांच्या पानात मिसळते. आम्हीही दुकानातलीच भुकटी पितो." त्याच्या बायकोने आमच्यापुढे चहा ठेवला, तो दुकानातल्या भुकटीचाच.

ते ऐकून आमच्यातले सगळे गप्प झाले. ज्याला आपल्या मालाची चव ठाऊक नाही, तो भावाबद्दल भांडणार तरी कशाच्या बळावर? "पान भरड आहे," असे कारखान्याचा माणूस म्हणाला की मान खाली घालायची. पुन्हा दोन पाने आणि कळी सोडून चार-पाच पाने ओरबाडली तर वजन वाढते, पण चहा पाणचट होतो. एकाने तसे केले तर त्याचा फायदा दिसतो. साऱ्यांनी केले की साऱ्या भागाच्या चहाचे नाव जाते. नीलगिरीत १९९८-९९ नंतर परदेशी मागणी घटली आणि हिरव्या पानाचा भाव कोसळला, तेव्हा हजारो छोट्या उत्पादकांचे हाल झाले. अशा मंदीत गिऱ्हाईक आधी हलका माल नाकारते, हा सगळ्याच बाजारांचा नियम आहे. उलट दार्जिलिंगने आपल्या चवीला कायद्याने नाव मिळवले. २००४ साली भौगोलिक मानांकनाची देशातली पहिली नोंद त्याच चहाची झाली. तरी दुसरीकडचा चहा त्या नावाने खपवला जातो, ही त्यांची तक्रार आहेच. नाव मिळवण्यापेक्षा ते राखणे अवघड.

आपल्याकडेही कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद आणि बेदाणा, जळगावची केळी यांना असे मानांकन मिळालेले आहे. पण आपल्यापैकी किती जणांनी आपला गूळ आणि शेजारच्या गुऱ्हाळाचा गूळ शेजारी शेजारी ठेवून चाखला आहे? हळदीचे उत्पन्न एकरी किती क्विंटल, हे आपण झोपेतही सांगतो. तिचा वास कसा, ते मात्र व्यापारी सांगतो आणि आपण ऐकून घेतो.

म्हणून माझी विनंती आहे. या सुगीला एक संध्याकाळ काढा. ज्वारी असो, तांदूळ, तूर किंवा गूळ असो, चार शेतांचा माल आणा. चिठ्ठ्या लावा, नावे झाका. भाकरी एकाच हाताने थापलेली, भात एकाच पातेल्यात आणि तेवढ्याच पाण्यात शिजवलेला असू द्या. चाखायला घरच्या बायकांना आधी बसवा. निवडणे, पाखडणे, शिजवणे यात त्यांची जीभ आणि नाक आपल्यापेक्षा तयार झालेले असते, हे आमच्या ओसरीवर काकूंनी दाखवून दिले. कोणाचा माल सरस ठरला, त्याने बियाणे कोणते घेतले, खत काय घातले, काढणी कधी केली, वाळवण कशी केली, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. चार वर्षांत ती वही तुमच्या गावाची पोथी होईल.

उरलेले चहाचे पुडे मी घट्ट झाकणाच्या डब्यांत, मसाल्यांपासून दूर ठेवले आहेत, कारण चहा शेजारचा वास लगेच ओढून घेतो. आसामच्या त्या शेतकऱ्याला मी एका मजुरी बचत गटासारखी हाताने पान वळून थोडा चहा घरीच करून पाहायला सुचवले होते. गेल्या साली त्याचा फोन आला. कढईत थोडे पान वाळवून त्याने चहा केला होता. रंग नीट उतरला नव्हता, पण बायकोला चव आवडली, म्हणाला. आता कारखान्याच्या माणसाने पान भरड म्हटले, तर तो त्याला घरी बोलावून कप पुढे ठेवणार आहे.