एकीला हवा, दुसरीला पासपोर्ट

जुमेरा लेक टॉवर्समधल्या आम्हा मराठी घरांत मूल बारावीला गेले की एकच चर्चा: पुढे काय? आमच्या पिढीचे उत्तर ठरलेले, "कॉम्प्युटर". आमच्या कन्येने मात्र "एरोस्पेस" म्हटले आणि आयटीतल्या बापाला अभ्यासाला बसावे लागले.

तर मंडळी, या एका नावाखाली दोन शाखा नांदतात. एरोनॉटिक्स म्हणजे वातावरणात उडणारी विमाने, हेलिकॉप्टर, ड्रोन. ॲस्ट्रोनॉटिक्स म्हणजे त्यापलीकडची रॉकेट, उपग्रह, याने. सुमारे १०० किलोमीटरवरची कारमान रेषा ही दोघींमधली वेस. विमानाला पंखांखाली हवा लागते, जेट इंजिन ऑक्सिजनही हवेतूनच घेते. रॉकेटला मात्र इंधनाबरोबर ऑक्सिडायझरची शिदोरीही घरूनच बांधून न्यावी लागते. प्रोपल्शन, स्ट्रक्चर्स, कंट्रोल हे विषय दोन्हीकडे, गणिते वेगळी.

आपल्यासारख्या परदेशस्थांसाठी आणखी एक फरक आहे, पासपोर्टचा. प्रवासी विमानांच्या क्षेत्रात देशोदेशींची माणसे काम करतात. रॉकेटचे तंत्र क्षेपणास्त्राचे सख्खे भावंड, म्हणून तिथे दारावर पहारा. अमेरिकेत 'आयटार' नियमांमुळे बहुतेक अवकाश कंपन्यांना नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच हवे असतात. इस्रोला भारतीय नागरिक लागतात. दुबईच्या मोहम्मद बिन राशिद स्पेस सेंटरचे 'होप' यान ९ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले, आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी. दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या तरी आपल्या मुलांचा पासपोर्ट एकाच देशाचा असतो.

पुढेमागे कॅनडाचे नागरिकत्व घ्यावे, हा इथल्या अनेक घरांतला बेत. त्यात गैर काही नाही. पण मुलीला रॉकेटच बनवायचे असेल, तर त्या सहीने इस्रोचे दार बंद होते. नंतरच्या ओसीआय कार्डावर सरकारी नोकरी मिळत नाही. हे तिला आधी सांगायला हवे.

पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर बर्मिंगहॅमला केमिकल इंजिनियरिंग शिकले. विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून १९६७ मध्ये थुंब्याला परतले आणि घन इंधनाच्या कामात रमले. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे होते आणि गोवारीकर विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक. त्यांच्या पदवीवर 'एरोस्पेस' हा शब्दही नव्हता! तेव्हा ब्रँचचे नाव दुय्यम. कुठल्या देशासाठी काम करायचे, हा प्रश्न मोठा, आणि त्याचे उत्तर मुलांनीच द्यावे.